भिंतीला कान देणारा वादक

४ ऑगस्ट १९४५ रोजी सोव्हिएत पायोनियर संघटनेच्या मुलांनी अमेरिकेचे मॉस्कोतील राजदूत ॲव्हरेल हॅरिमन यांना लाकडात कोरलेली अमेरिकेची राजमुद्रा भेट दिली. युद्धकाळातील मैत्रीची खूण म्हणून ती राजदूतांच्या निवासस्थानी, त्यांच्या अभ्यासिकेच्या भिंतीवर लागली. पुढील सात वर्षांत तेथे एकामागून एक चार राजदूत झाले. मुद्रा होती तिथेच राहिली. तिच्या पोटात दडवलेल्या यंत्राचा कर्ता त्या वेळी सोव्हिएत राजवटीचाच कैदी होता. त्यांचे नाव लेव्ह सर्गेयेविच टेरमेन. पाश्चात्त्य रसिक त्यांना लिऑन थेरेमिन म्हणून ओळखत आणि ते मरण पावले असावेत, असे धरून चालत.

टेरमेन १८९६ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे जन्मले. पदार्थविज्ञान आणि चेलोवादन या दोन्ही विद्या त्यांनी तरुणपणीच आत्मसात केल्या. अब्राम इऑफे यांच्या संस्थेत वायूंचे विद्युतगुण मोजत असताना, विद्युतमंडलाजवळ हात नेताच त्यातून येणारा सूर बदलतो, हे त्यांच्या ध्यानी आले. त्यातूनच स्पर्शाविना वाजणारे ‘थेरेमिन’ हे वाद्य जन्मले. १९२२ मध्ये ते ऐकून खुद्द लेनिन यांनीही त्यावर हात फिरवून पाहिला. युरोप गाजवून १९२७ च्या अखेरीस टेरमेन न्यूयॉर्कला पोहोचले. तेथील आरसीए कंपनीने १९२९ मध्ये वाद्य बाजारात आणले. पण जेमतेम ५०० नग तयार झाले. ऐन मंदी आणि त्यात वाद्य कठीण. त्याला ना पडदे ना तारा; हवेत सूर शोधायचा तो केवळ कानाच्या भरवशावर. सारंगीवर हात बसवताना घाम गाळलेल्यांना यातील अवघडपण सांगायला नको. क्लारा रॉकमोर यांनी मात्र ते पूर्णपणे वश केले.

१९३८ मध्ये टेरमेन अचानक मायदेशी परतले. त्यांना पळवून नेले, असा समज दीर्घकाळ होता; डोक्यावरील कर्जाचा वाटाही त्यात असावा. नृत्यांगना असलेल्या पत्नी लव्हिनिया विल्यम्स मागेच राहिल्या आणि उभयतांची पुन्हा भेट झाली नाही. १९३९ मध्ये टेरमेन यांना अटक होऊन आठ वर्षांची शिक्षा झाली. कोलिमाच्या छळछावणीतून त्यांना बाहेर काढले ते कैदी शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत राबवण्यासाठी. विमानरचनाकार तुपोलेव्ह आणि पुढे सोव्हिएत अंतराळयुगाचे शिल्पकार ठरलेले कोरोल्योव्ह हेही तेथे बंदिवान होते.

राजमुद्रेतील यंत्र हे याच बंदिवासाचे फळ. त्यात बॅटरी नव्हती, वीजजोडणी नव्हती. होती ती एक छोटी धातूची पोकळ डबी, तिच्या तोंडावर ताणलेला अतिशय पातळ पडदा आणि सुमारे वीतभर लांबीची ॲन्टेना. इमारतीबाहेरून नेमक्या कंप्रतेच्या रेडिओलहरी त्यावर सोडल्या जात. खोलीतील बोलण्याने पडदा थरथरे, डबीचे विद्युतगुण बदलत आणि परावर्तित होणाऱ्या लहरींवर त्या बोलण्याचा ठसा उमटे. मुले आरशाच्या तुकड्याने उन्हाचा कवडसा भिंतीवर नाचवतात. आरशाला स्वतःचा प्रकाश नसतो, तरी तो हलवून खूण करता येते. तसाच हा प्रकार. बाहेरची लहर बंद केली की यंत्र म्हणजे निव्वळ धातूचा तुकडा. छुपा प्रक्षेपक शोधणाऱ्यांना सापडणार तरी काय?

मोटारीच्या काचेवरचा फास्टॅग याच तत्त्वावर चालतो. त्यात बॅटरी नसते. टोलनाक्यावरील यंत्राच्या लहरींतूनच त्याची चिप ऊर्जा घेते आणि त्याच लहरींचे परावर्तन बदलून आपली ओळख कळवते. वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये याच्याही पुढचे पाऊल टाकले. त्यांनी खास लहर सोडणेही टाळले आणि दूरचित्रवाणीच्या, हवेत आधीच पसरलेल्या लहरी परावर्तित करून दोन बॅटरीविरहित उपकरणांत संवाद घडवला.

मॉस्कोतील गुपित १९५२ मध्ये फुटले. राजदूत जॉर्ज केनन यांना अभ्यासिकेत बसवून मोठ्याने मजकूर सांगायला लावले गेले आणि तंत्रज्ञ लहरींचा माग काढत मुद्रेपर्यंत पोहोचले. मे १९६० मध्ये, यू-२ विमानाच्या प्रकरणावरून कोंडी झाली असताना, अमेरिकेने ती मुद्रा संयुक्त राष्ट्रांत उघडून दाखवली. कर्त्याचे नाव तेव्हाही जगापुढे आले नाही.

१९४७ मध्ये टेरमेन यांना चोरून ऐकण्याच्या यंत्रांच्या कामासाठी स्टालिन पारितोषिक मिळाले. ते सुटले, पण पुढेही बरीच वर्षे गुप्तचर खात्यासाठीच राबत राहिले. एका हाताने बेडी घालणाऱ्या आणि दुसऱ्या हाताने पदक देणाऱ्या राजवटीत हे कुणाला विसंगत वाटले नसावे. नंतर मॉस्कोच्या संगीत महाविद्यालयात त्यांना पुन्हा वाद्यांजवळ जाता आले. पण १९६७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्यांच्याविषयी लेख येताच ती जागा गेली आणि त्यांची वाद्येही मोडून टाकली गेली. ते विद्यापीठात तंत्रज्ञाचे काम करू लागले.

१९९१ मध्ये, ९५ व्या वर्षी, ते पुन्हा न्यूयॉर्कला गेले. क्लारा रॉकमोर तेव्हा हयात होत्या. दोघांची भेट झाली. लव्हिनिया दोनच वर्षांपूर्वी निवर्तल्या होत्या. ३ नोव्हेंबर १९९३ रोजी मॉस्कोत टेरमेन यांचे निधन झाले.