प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज

आमच्या भातकुलीकडे गुलाबराव महाराजांचे नाव निघाले की लोक चमत्कारच सांगतात. मला मात्र त्यांचे कष्ट अधिक मोठे वाटतात.

महाराजांचा जन्म १८८१ साली आपल्याच अमरावती जिल्ह्यात, लोणी टाकळीला, कुणब्याच्या घरी झाला. मूळ गाव माधान. वर्षाचे होण्याआधीच डोळे गेले, चौथ्या वर्षी आई गेली आणि आजोळी आजीने सांभाळले. अक्षर दिसायचे नाही, मग विद्या यावी कुठून? दुसऱ्याकडून ग्रंथ वाचवून घ्यायचे, ऐकलेले ध्यानात ठेवायचे, सुचलेले सांगून लिहवून घ्यायचे. माझ्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. घरी वाचून दाखवणारे कुणी नसले म्हणजे काय होते, ते मला ठाऊक आहे. महाराजांना रोज वाचून दाखवणाऱ्या माणसांची नावे गावात कुणी घेताना मी ऐकले नाही, याचे वाईट वाटते.

असे त्यांचे शंभरावर ग्रंथ झाले. वेदान्त आणि भक्ती तर होतीच, शिवाय आयुर्वेद, संगीत, मानसशास्त्र. डार्विन-स्पेन्सरचे खंडनही त्यांनी केले. (ते पटो न पटो, वऱ्हाडातल्या अंध माणसाने स्पेन्सरशी वाद घालावा, हेच केवढे!) 'नावंग' नावाची स्वतःची भाषाही रचली. स्वतःला ते ज्ञानेश्वरकन्या आणि कृष्णपत्नी मानीत, कुंकू-मंगळसूत्र उघडपणे धारण करीत.

१९१५ साली पुण्यात त्यांनी देह ठेवला. वय अवघे ३४.