पाण्यावर नजर ठेवणारा अभियंता

१५ सप्टेंबर हा देशभर अभियंता दिन म्हणून पाळला जातो. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा हा जन्मदिवस. आरोग्याच्या सदरात त्यांची आठवण काढायला एक कारण आहे. साठवलेले पाणी माणसे जगवते आणि त्याच्याकडे दुर्लक्ष झाले तर तेच जीव घेते, हे दोन्ही त्यांच्या हयातीत घडले.

जन्म म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळीचा. वडील लवकर गेले. शिकवण्या करत त्यांनी बंगळुरूत पदवी घेतली. म्हैसूरची शिष्यवृत्ती मिळवून ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात आले आणि १८८३ मध्ये अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले आले. पुढच्या वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले, ते नाशिकला. त्यानंतरची चोवीस वर्षे त्यांनी याच इलाख्यात नोकरी केली.

सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. सक्करला सिंधूचे पाणी गढूळ यायचे आणि ते गाळण्याच्या यंत्रणेला नगरपालिकेकडे पैसे नव्हते. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खोदली. वाळूच्या थरांतून झिरपत आलेले स्वच्छ पाणी तिच्यात जमू लागले आणि तेच शहराला मिळाले. वाळूतून पाणी सावकाश झिरपले की गाळाबरोबर पुष्कळसे रोगजंतूही मागे राहतात.

पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला धरणावर १९०३ मध्ये त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले. पाणी ठरावीक पातळीपर्यंत अडायचे. त्यावर गेले की दरवाजे आपोआप उघडायचे आणि उतरले की मिटायचे. धरणाची भिंत न वाढवता साठ्याची पातळी आठ फुटांनी वाढली. पुढे मुसीच्या १९०८ च्या महापुरानंतर हैदराबादसाठी त्यांनी पूरनियंत्रणाची योजना आखली. म्हैसूरचे मुख्य अभियंता आणि नंतर दिवाण झाले, कृष्णराजसागर उभे केले. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले.

पण पाण्याची पातळी दिसते, जमिनीखालचा दाब दिसत नाही. ग्वाल्हेरजवळच्या तिग्रा धरणावरही त्यांच्या पद्धतीचे दरवाजे होते. ते धरण १९१७ मध्ये फुटले. पायाखालच्या वालुकाश्मात मुरलेल्या पाण्याचा त्यात मोठा वाटा मानला जातो. १२ जुलै १९६१ रोजी काम अपुरे असलेले पानशेत धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासलाही फोडले आणि पुणे बुडाले. विश्वेश्वरय्या तेव्हा शंभरीच्या आसपास होते. एप्रिल १९६२ मध्ये बंगळुरूत त्यांचे निधन झाले.

कोळसा खाणींना हा धडा आजही लागू आहे. कोळसा काढून झाला की खालच्या पोकळीत पाणी भरते. धनबादजवळ चासनाला इथे २७ डिसेंबर १९७५ रोजी जुन्या खाणकामात साचलेले पाणी खालच्या खाणीत घुसले आणि सुमारे ३७५ कामगार गेले. हेच पाणी नीट सांभाळले तर उपयोगी पडते. नागपूरजवळ पाटणसावंगीच्या खाणीतले पाणी शुद्ध करून पिण्यासाठी दिले जाते. चीनमध्ये तर रिकाम्या खाणींत बंधारे घालून भूमिगत जलाशय केले आहेत. तिथे पाण्याची पातळी, बंधाऱ्यावरचा दाब, झिरपा आणि पाण्याची प्रत सतत मोजावी लागते. रक्तदाबासारखेच हे आहे. त्रास जाणवेपर्यंत थांबले तर उशीर झालेला असतो.

साकीनाक्यात खाण नाही, पण इमारतीखाली पाण्याची टाकी आहे आणि तिच्या शेजारून बऱ्याचदा गटार जाते. टाकीला तडा असेल तर भरलेली असताना पाणी बाहेर झिरपते आणि रिकामी होत आली की गटाराचे पाणी आत येऊ शकते. गॅस्ट्रो, टायफॉइड आणि कावीळ याच वाटेने घरात शिरतात. पावसाळ्यात एकाच चाळीतले चार-पाच रुग्ण एकदम सरकारी रुग्णालयात आले की आम्ही डॉक्टर आधी पाण्याची चौकशी करतो.

तपासणी सोपी आहे. रात्री पंप आणि झडप बंद करून टाकीत पाण्याच्या पातळीवर खूण करा. सकाळी पाणी त्या खुणेखाली गेले असेल तर आधी झडप आणि नळजोड तपासा. तिथे गळती नसेल तर टाकीला तडा आहे असे समजा. दुरुस्ती होईपर्यंत पाणी उकळून प्या. टाकी पावसाळ्याआधी धुऊन घ्या, झाकण घट्ट बसवा आणि पाण्यात क्लोरीन आहे की नाही ते तपासून घ्या. हे काम सोसायटीने एका माणसाकडे नावानिशी सोपवावे. सगळ्यांचे काम म्हटले की ते कोणीच करत नाही.