जोसाया वेजवुड

जोसाया वेजवुड (बाप्तिस्मा १२ जुलै १७३०, मृत्यू ३ जानेवारी १७९५) हे इंग्लंडमधील ख्यातनाम कुंभकार, संशोधक व उद्योजक होते. चहाची सुबक भांडी मध्यमवर्गीय घरांपर्यंत पोहोचविण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

त्यांचा जन्म स्टॅफर्डशर परगण्यातील बर्स्लेम येथे कुंभकाराच्या घराण्यात झाला. १७३९ मध्ये वडील निवर्तल्यावर पुढे थोरल्या भावाच्या हाताखाली त्यांनी उमेदवारी केली. बालपणी आलेल्या देवींमुळे त्यांचा उजवा गुडघा अधू झाला. पायाने चाक फिरविणे अवघड झाल्यामुळेच ते माती, झिलई व भट्टी यांच्या प्रयोगांकडे वळले, असे मानले जाते. १७६८ मध्ये तो पाय कापावा लागला. भूल देण्याची सोय त्या काळी नव्हती.

चिनी पोर्सेलिन तेव्हा महाग होते आणि स्थानिक भांड्यांना उकळत्या चहाने अनेकदा तडे जात. पांढरट मातीत भाजलेल्या गारगोटीची पूड मिसळण्याची जुनी पद्धत वेजवुड यांनी सुधारली आणि फिकट पिवळसर, हलकी व उष्णता सोसणारी भांडी घडविली. १७६५ मध्ये राणी शार्लट यांनी अशा भांड्यांचा चहाचा संच मागविला. पुढे ही भांडी ‘क्वीन्स वेअर’ या नावाने विकली गेली. त्या काळातील बरेचसे चहाचे पेले चिनी वाट्यांप्रमाणे बिनकानाचे असत, आणि चहा बशीत ओतून पिण्याची आपल्याकडे परिचित असलेली रीत तेथेही होती.

१७६९ मध्ये त्यांनी एट्रुरिया हा कारखाना सुरू केला. त्यांच्या ‘जॅस्पर’ भांड्यांवरील पांढरी उठावाची चित्रे साच्यात माती दाबून काढीत व भाजण्यापूर्वी भांड्यावर चिकटवीत. पेणच्या गणेशमूर्तिकारांना साचेकाम नवे नाही, परंतु येथे साच्यातून निघालेली नक्षी कागदासारखी पातळ असे. भट्टीचे तापमान मोजण्याच्या साधनाबद्दल १७८३ मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले.

चहात पडणारी साखर वेस्ट इंडीजमधील गुलामांच्या श्रमांतून येत असे. चहाच्या भांड्यांवर संपत्ती मिळविलेल्या वेजवुड यांनी १७८७ मध्ये साखळदंडांत जखडलेल्या, गुडघे टेकलेल्या आफ्रिकी माणसाचे पदक तयार करवून घेतले आणि ते मोफत वाटले. स्त्रिया ते दागिन्यांत जडवून घेत. गुलामांच्या व्यापारावर ब्रिटिश संसदेने १८०७ मध्ये बंदी घातली. त्यापूर्वी बारा वर्षे वेजवुड यांचे एट्रुरिया येथे निधन झाले होते.