ऑफा राजाच्या नाण्यावर कलमा कसा?

ऑफा हा इंग्लंडमधल्या मर्सिया राज्याचा राजा. यादवीतून तो 757 मध्ये गादीवर आला, 796 मध्ये वारला. त्याची खरी ओळख चांदीची पेनी. चांदीची पातळ चकती दोन ठशांमध्ये ठेवायची नि वरून हातोडा हाणायचा, झालं नाणं. अशा 240 पेनींचा एक पौंड. राणी किनेथ्रिथच्या नावानंही पेनी पाडल्या गेल्या, त्या काळात ही मोठीच गोष्ट.

पण आपल्याकडे चर्चा होते ती त्याच्या सोन्याच्या नाण्याची. बगदाद वसवणारे अब्बासी खलिफा अल-मन्सूर यांच्या हिजरी 157 च्या दिनारची ती नक्कल. अरबीत कलमा, मध्येच लॅटिनमध्ये ‘ऑफा रेक्स’, म्हणजे ऑफा राजा. आणि हे नाव अरबीच्या मानानं चक्क उलटं! कारागिराला अरबी येत नव्हती, हे उघड आहे. यावरून ऑफानं इस्लाम कबूल केला होता, असं काहीजण छातीठोक सांगतात. आम्हाला ते पटत नाही. तो ख्रिस्ती होता, रोमला पोपकडे नेमानं सोनं पाठवायचं त्यानं कबूल केलं होतं. आमच्या मते दिनारची बाजारात पत होती, म्हणून नक्कल झाली. ते नाणं आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.