माद्रिद न सोडणारे प्राध्यापक

स्पेनच्या यादवीवर बोलू लागले की सेनापतींची नावे निघतात. मला मात्र आठवण होते ती तर्कशास्त्राच्या एका प्राध्यापकाची. हूलियन बेस्तेइरो त्यांचे नाव. मी पडलो गाणे शिकवणारा, राजकारणातला अधिकारी नव्हे. परंतु हे चरित्र मनातून हलत नाही.

जन्म १८७० चा, माद्रिदचाच. १९१२ साली तिथल्या विद्यापीठात प्राध्यापक झाले, त्याच वर्षी समाजवादी पक्षात आले. १९१७ च्या सार्वत्रिक संपाबद्दल त्यांना जन्मठेप झाली. पुढच्याच वर्षी लोकांनी निवडून दिले आणि ते सुटले. १९३१ साली प्रजासत्ताकाची घटना बनवणाऱ्या संसदेचे ते अध्यक्ष होते.

१९३६ च्या जुलैत यादवी पेटली. नोव्हेंबरात शत्रू वेशीशी येताच सरकार व्हॅलेन्सियाला गेले. बेस्तेइरो गेले नाहीत. ते नगरपालिकेचे काम पाहत राहिले. १९३७ च्या मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष अथान्यांनी त्यांना लंडनला राज्यारोहण समारंभास पाठवले. खरा हेतू ब्रिटनला मध्यस्थीची गळ घालण्याचा होता. पदरात काही पडले नाही.

वेढ्यातला तिसरा हिवाळा आला. पाव दुर्मिळ, कोळसा नाही, रोज मसूर. पंतप्रधान नेग्रीन मूळचे डॉक्टर, म्हणून लोक त्या मसुराला डॉक्टर नेग्रीन यांच्या गोळ्या म्हणत! या थट्टेत लोकमत स्वच्छ दिसते. पुष्कळांना कसेही करून लढाई थांबायला हवी होती. शरण गेल्यास भिंतीशी उभे करतील, ही धास्तीही घरोघर होती. नेग्रीन यांचा हिशेब निराळा: युरोपात युद्ध भडकणारच, तोवर तग धरावा. बेस्तेइरोंना रांगेतल्या बायका रोज दिसत होत्या.

५ मार्च १९३९ च्या रात्री कर्नल कासादो यांनी नेग्रीन सरकार झुगारले. अर्थखात्याच्या तळघरातून बेस्तेइरो रेडिओवर बोलले आणि नव्या मंडळात सामील झाले. त्यानंतर आठवडाभर माद्रिदच्या रस्त्यांवर प्रजासत्ताकवालेच एकमेकांवर गोळ्या झाडत होते. फ्रँकोने एकही अट मानली नाही. फेब्रुवारीतच त्याने ऑक्टोबर १९३४ पासूनच्या राजकीय कृत्यांना शिक्षा देणारा कायदा काढला होता. तर्कशास्त्र शिकवणाऱ्याने त्यावरून पुढचे ओळखायला हवे होते. लोकांची भूक त्यांनी अचूक जाणली, जेत्याचे मन नाही, असे माझे मत आहे. लढाई १ एप्रिलला संपली. नेग्रीन ज्याची वाट पाहत होते ते युद्ध बरोबर पाच महिन्यांनी सुरू झाले.

कासादो इंग्रजी जहाजाने निसटले. बेस्तेइरोंना जाता आले असते. आपण इथे असलो तर लोकांवरचा सूड थोडा तरी सौम्य होईल, अशी त्यांची आशा होती. २८ मार्चला त्याच तळघरात त्यांना अटक झाली. जुलैत लष्करी न्यायालयाने तीस वर्षांची शिक्षा दिली. पुढे कार्मोनाच्या तुरुंगात प्रकृती ढासळली, रक्तात विष भिनले, आणि २७ सप्टेंबर १९४० रोजी ते गेले. सहाच दिवसांपूर्वी त्यांना सत्तर वर्षे पुरी झाली होती.