सर हंफ्री डेव्ही आणि जहाजांचे तांब्याचे पत्रे

खाणींतील मजुरांसाठीं निर्भय दीप शोधून काढणारे सर हंफ्री डेव्ही आमच्या विद्यार्थ्यांस क्रमिक पुस्तकांवरून ठाऊक आहेत. परंतु त्यांच्या चरित्रांतील समुद्राचें प्रकरण सहसा कोणी सांगत नाहीं. आम्हांस तर तेंच अधिक मननीय वाटतें.

त्यांचा जन्म कॉर्नवॉल परगण्यांत पेन्झन्स गांवीं १७ डिसेंबर १७७८ रोजीं झाला. वडील लांकडावर नक्षीकाम करीत. ते १७९४ सालीं वारले व मागें कर्ज राहिलें, तेव्हां मुलगा एका शस्त्रवैद्याकडे उमेदवारीस राहिला. तेथून ब्रिस्टल व १८०१ सालीं लंडनची रॉयल इन्स्टिट्यूशन. १८०७ सालीं विजेच्या साहाय्यानें त्यांनीं पोटॅशियम व सोडियम हे धातु वेगळे केले. १८२० सालीं ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले.

त्या काळीं लांकडी जहाजांच्या बुडास किडे लागूं नयेत म्हणून तांब्याचे पत्रे ठोकीत. पण खारें पाणी ते पत्रेच खाऊन टाकी. ह्यावर उपाय काय, असें नौखात्यानें १८२३ सालीं विचारलें. धातूची झीज ही विद्युत्-रासायनिक क्रिया आहे हें डेव्ही यांनीं ओळखलें. तांब्यास जस्त किंवा ओतीव लोखंड जोडलें, कीं झीज त्या दुसऱ्या धातूच्या वांट्यास जाते व तांबें वांचतें. पत्र्याच्या दीडशेव्या हिश्शाएवढा तुकडाही पुरे होतो, असें प्रयोगांत दिसलें. ह्या कामीं त्यांचे मदतनीस मायकेल फॅरडे हेही राबले. १८२४ सालीं आपल्या कोचीन बंदरीं बांधलेलें समारंग हें जहाज असे तुकडे लावून नोव्हा स्कोशियास जाऊन आलें.

पत्रे शाबूत राहिले, पण दुसरेंच संकट उभें राहिलें. पाण्यांत अल्पस्वल्प विरघळणारें तांबें हें सागरी जीवांस विष असतें. झीज थांबली तसें विषही थांबलें. मग शिंपल्यांनीं व शेवाळानें बुडें भरून गेलीं आणि जहाजें मंदावलीं. वर्तमानपत्रांनीं टवाळी केली. अखेरीस तुकडे काढून टाकण्यांत आले. अपयश हें धातूच्या सिद्धांताचें नव्हतें. डेव्ही यांनीं शिंपल्यांचा विचार केला नव्हता इतकेंच, असें आम्हांस वाटतें. मानी स्वभावाच्या ह्या पुरुषास तो घाव फार लागला. २९ मे १८२९ रोजीं जिनीव्हा येथें त्यांचा अंत झाला. वय अवघें पन्नास.

आतां पोलाद पाण्यांत गंजूं नये म्हणून आणखीही उपाय निघाले आहेत. कारखान्यांच्या नळांतील पाण्यांत साबणाच्या जातीचे पदार्थ घालतात. त्यांच्या अणुसमूहाचें एक टोंक पोलादास चिकटतें, दुसरें पाण्यास दूर सारतें, आणि डोळ्यांस न दिसणारें कवच तयार होतें. मात्रा अपुरी पडली तर कवचास भोंकें राहतात. फाजील झाली तर ते अणुसमूह पाण्यांतच एकमेकांस बिलगून बसतात व जास्तीचा खर्च व्यर्थ जातो. डेव्ही यांचें जस्तही मागें पडलेलें नाहीं. पोलादी जहाजांच्या बुडास आजही जस्ताचे ठोकळे लावतात, आणि शिंपले बसूं नयेत म्हणून त्यांवरील रंगांत पुष्कळदां तांब्याचे क्षार असतात.