आबे फारिया : बळ आपल्याच मनात



मिस्सात वाचन करण्यासाठी नाव पुकारले, की आपले कितीतरी तरुण मागच्या बाकाकडे सरकतात. नोकरीच्या मुलाखतीला जाताना किंवा कार्यालयात साहेबांपुढे उभे राहतानाही पाय असेच लटपटतात. ज्यांना आपण कमी आहोत असे वाटते, त्यांच्यासाठी आज आम्ही एका गोवेकर धर्मगुरूंचे जीवन सांगत आहोत.

जुझे कुस्तोदियो द फारिया यांचा जन्म बार्देशातील कांदोळी येथे 31 मे 1756 रोजी झाला. आईवडिलांचे पटले नाही व घर दुभंगले. पुढे वडील धर्मगुरू झाले आणि आई जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात धर्मभगिनी झाली. 1771 साली वडिलांनी मुलाला घेऊन लिस्बनचे जहाज धरले. नऊ महिन्यांचा तो प्रवास होता. लिस्बनहून मुलगा रोमला गेला, शिकला आणि 1780 साली त्याला गुरुदीक्षा मिळाली. त्याची विद्वत्ता पाहून सहावे पायस या पोपमहोदयांसमोर प्रवचन देण्याचा मान त्याला मिळाला.

गोव्यात आजही एक आख्यायिका सांगतात. लिस्बनच्या राजवाड्यात राणीसमोर प्रवचनाला उभे राहिल्यावर तरुण फारियांच्या तोंडून शब्द फुटेना. तेव्हा जवळ असलेल्या वडिलांनी हळूच कोकणीत सांगितले, की समोरच्या सगळ्या मंडळींना भाजी समज आणि कापत सूट. मुलाची भीती पळाली व प्रवचन उत्तम झाले. ही गोष्ट खरी की लोकांनी रचलेली, यावर वाद घालण्याचे कारण नाही. परक्या दरबारात आपल्या मायबोलीतला एक शब्द किती आधार देतो, हे ती सांगते.

मात्र फारियांचा मार्ग सोपा नव्हता. त्या काळी गोव्यातील देशी धर्मगुरूंना, कितीही शिकले तरी, वरची पदे नाकारली जात. या अन्यायातून 1787 साली कांदोळीच्या पिंटो घराण्याशी संबंधित कट उघडकीस आला. फारिया पितापुत्रांवरही संशय होता. 1788 साली पुत्र पॅरिसला गेला. तेथे फ्रेंच राज्यक्रांतीची धामधूम त्यांनी पाहिली. 1811 साली ते मार्सेय येथे तत्त्वज्ञान शिकवू लागले.

1813 साली पॅरिसमध्ये त्यांनी संमोहनावर जाहीर व्याख्याने सुरू केली. त्या काळी मेस्मर यांच्या मताचा बोलबाला होता. संमोहन करणाऱ्याच्या अंगातून एक अदृश्य द्रव्य दुसऱ्याच्या शरीरात जाते, असे ते मत होते. फारियांनी ते नाकारले. आपल्या हातात कसलीही जादू नाही. जे काही घडते ते समोरच्या माणसाच्या स्वतःच्या मनात, त्याच्या विश्वासाने आणि एकाग्रतेने घडते, असे त्यांनी दाखवले. त्यांची सगळीच स्पष्टीकरणे आज टिकत नाहीत. काही माणसे लवकर संमोहित होतात याचे कारण ते पातळ रक्तात शोधत. पण मुख्य विचार पुढे फ्रान्समधील नान्सीच्या डॉक्टरांनी उचलून धरला.

लोकांनी मात्र त्यांची टिंगल केली. एका नटाने झोपेचे सोंग घेऊन त्यांना सर्वांसमोर फजीत केले. 1816 साली त्यांची थट्टा करणारे नाटक रंगमंचावर आले. श्रोते पांगले. फारिया एका मुलींच्या शाळेत चॅप्लेन म्हणून राहिले आणि तेथे आपला ग्रंथ लिहीत गेले. तो 1819 साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी 20 सप्टेंबरला ते वारले. त्यांच्या थडग्यावर नावही नव्हते. 1945 साली पणजीत त्यांचा पुतळा उभा राहिला.

येथे एक गोष्ट आम्हाला खटकते. आपल्या ग्रंथावर फारियांनी स्वतःला ब्राह्मण म्हणवून घेतले. युरोपात रंगावरून हिणवले जाणाऱ्या माणसाला कुळाचा आधार घ्यावासा वाटला असेल. पण कुळाच्या टेकूवर उभा राहतो तो अभिमान, आत्मसन्मान नव्हे. ज्याला हा टेकू नाही, त्याने मग काय करावे? माणूस देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाला आहे, ही आपली श्रद्धा आहे. राहनाळच्या गोदामात ओझी उचलणारा असो की भिवंडीच्या यंत्रमागावर रात्रपाळी करणारा, त्याची किंमत कोणाच्या टाळ्यांनी वाढत नाही व टिंगलीने घटत नाही.

फारियांच्या शोधातून घराघरांत घेण्यासारखा एक धडा आहे. पुन्हापुन्हा कानावर पडलेला शब्द मनात हुकमासारखा काम करतो. तुला काही जमणार नाही, असे रोज ऐकणारे मूल शेवटी ते खरे मानते. म्हणून आईवडिलांनी जीभ जपून वापरावी. मुलाने केलेले लहानसे काम पाहावे व तसे बोलून दाखवावे. तरुणांनी एका वेळी एकच छोटे धाडस करावे. वाचन आधी घरी तीनचार वेळा मोठ्याने म्हणावे, मग वेदीजवळ यावे. आणि मन सतत खचलेले असेल, तर नुसत्या धीराच्या शब्दांवर न थांबता डॉक्टरांकडे जावे. त्यात कमीपणा नाही.

पुढच्या रविवारच्या वाचनांसाठी दोन नावे हवी आहेत. आजवर ज्यांनी कधीच वाचन केले नाही, त्यांनीच ती द्यावीत, अशी आमची इच्छा आहे.